वजन, कमी-अधिक

पाच सेंटच्या नाण्याचं वजन बरोबर पाच ग्रॅम.
हे मला लॉ कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
गार्नेट हेन्सलीनं शिकवलं, पाइकव्हिलच्या तुरुंगात,
भेटीच्या खोलीत, जिथलं टेबल जमिनीला बोल्टांनी जखडलंय.
"काटा खरा की खोटा ते असं बघतात," ती म्हणाली,
"नाणं ठेवायचं. पाच दाखवलं तर खरा."
मग हसली. पुढचा एक दात नाही.

तिचा काटा स्वयंपाकघरातला.
सरकार पक्षाचा पुरावा क्रमांक नऊ.
त्याच्या फटीत काहीतरी पांढरं दिसलं,
प्रयोगशाळेला दोनदा पाठवलं,
दोनदा उत्तर आलं: गव्हाचं पीठ.

कायद्याला एकच गोष्ट पुरते: वाटणे.
विकणं लागत नाही, नफा लागत नाही.
आतेबहीण दारात उभी, अंगावर काटा,
दात एकमेकांवर वाजताहेत,
म्हणून तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवली,
तेही वाटणेच.
त्या रात्री रोवेना छातीला सरकारी मायक्रोफोन चिकटवून आली होती.
तिच्याही वाट्याला वर्षं आलेली,
ती तिनं अशी वाटून टाकली.
टेपवर ऐकू येतं: कुत्रं, टीव्हीवरचं हवामान,
आणि गार्नेटचा आवाज, "राहू दे गं पैसे."
हे वाक्य मी ज्यूरीला तीनदा ऐकवणार होते.
सरकारी वकीलही.

पन्नास ग्रॅम भरले की किमान दहा वर्षं.
त्याखाली पाच.
मध्ये न्यायाधीशांनाही हात घालता येत नाही.
कपाटातल्या पिशवीत, अहवाल म्हणतो,
शुद्ध माल पन्नास पूर्णांक चार.

घरी ओट्यावर मी दहा नाणी रचली.
पन्नास ग्रॅम. नाण्यामागे एक वर्ष.
सगळ्यात वरचं बोटानं सरकवलं,
परत ठेवलं.
तिचा वेस्ली सहा वर्षांचा आहे.
पुढची बेरीज मी केली नाही.

तिसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
एक चिन्ह होतं: अधिकच्या पायाशी उणे.
रसायनतज्ज्ञ सज्जन माणूस, टायवर बदकं.
"कमी-अधिक म्हणजे किती, मिस्टर ऑर?"
"दोन ग्रॅम, मॅडम."
"म्हणजे साडेअठ्ठेचाळीसही असू शकेल?"
"असू शकेल."
"आणि बावन्नही?"
"तेही."
"तुम्हाला काय वाटतं?"
"मला काही वाटत नाही, मॅडम. मी मोजतो."
थोडा वेळ फक्त हीटरचा आवाज.

ज्यूरी चार तास आत होती.
सँडविच मागवली. मग चिठ्ठी आली:
पुरावा क्रमांक नऊ आत मिळेल का?
काटा आत गेला.
पंधरा मिनिटांनी दुसरी चिठ्ठी:
सेल संपलेत.
वकील, कारकून, न्यायाधीश, सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.
सेल पुरावा नव्हे, असं ठरलं.

वाटलं का? वाटलं.
पन्नास होते का?
फोरमननं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
सिद्ध झालं नाही.

गार्नेट माझ्या कानाशी आली.
मला वाटलं विचारेल, आता किती.
"रोवेनाला किती लागली?"
"अठरा महिने."
"बरं झालं," ती म्हणाली,
आणि मार्शलसमोर मनगटं धरली,
न सांगता, घड्याळाचं माप द्यावं तशी.

खाली रस्त्यावर पार्किंगची वेळ संपलेली.
गाडी काढवेना.
कोटाच्या खिशात ती नाणी तशीच होती.
एकेक करून दहाही टाकली.
मीटरनं वीस मिनिटं दाखवली,
मग एकोणीस.